माती तपासता, बेणं तपासता; मग रक्त का नाही?



उसाला एक रोग येतो, खोडव्याची वाढ खुंटवणारा. या रोगाची गंमत अशी, की वरून काहीच दिसत नाही. पानावर ठिपका नाही, तांबेरा नाही, शेंडा वाळत नाही. लागणीचा ऊस बघून कुणीही म्हणेल, रान झकास आहे. पण खोडवा दरवर्षी आखूड होत जातो आणि काट्यावर वजन घटलं की मग आपण खताला नाहीतर पाण्याला दोष देतो. हा रोग पसरतो रोगट बेण्यातून आणि एका फडातून दुसऱ्या फडात जाणाऱ्या कोयत्यातून. म्हणून आम्ही सांगतो, बेणेमळ्यातलं तपासलेलं बेणं घ्या.

जनावराचंही तसंच आहे. गावातला मोकाट वळू दिसायला कितीही देखणा असो, एका गाईकडून दुसऱ्या गाईकडे तो ब्रुसेलोसिससारखे रोग नेऊ शकतो. मग गाय गाभडते. म्हणूनच गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या जिथं तयार होतात, तिथं प्रत्येक वळूची ठराविक रोगांसाठी वारंवार तपासणी केल्याशिवाय त्याचं वीर्य वापरत नाहीत.

आता सरळ मुद्द्यावर येतो. बेणं तपासणारे, वळू तपासणारे आपण, माणसाच्या बाबतीत मात्र "चांगल्या घरचा आहे", "तब्येत ठणठणीत आहे" एवढ्यावर भागवतो. शरीरसंबंधातून पसरणारे रोग, ज्यांना आपण गुप्तरोग म्हणतो, ते असेच वरून न दिसणारे असतात. साथीदार बदलतो तेव्हा हा धोका वाढतो. आणि साथीदार बदलणं म्हणजे काही नेहमी वाईट चालच असते असं नाही. पहिलं लग्न, पुनर्विवाह, फारकतीनंतरचं नवं घर, नवरा-बायको वर्ष वर्ष लांब राहून पुन्हा एकत्र येणं, हे सगळं त्यात येतं. हा लेख कुणाची चाल तपासायला नाही. तपासणी कशी करायची, कधी करायची आणि ती कुठं होते, एवढंच सांगायचं आहे.

धोका वाढतो कसा?

वरच्या शेतकऱ्यानं पाटात काय सोडलं, ते खालच्याच्या रानात येतं. शरीरसंबंधाचं असंच आहे. तुमचा संबंध एकाच माणसाशी आला असं तुम्हाला वाटतं, पण त्या माणसाचे आधीचे साथीदार आणि त्यांचेही साथीदार त्या पाटावर वरच्या बाजूला असतात. त्यातल्या एकाला जरी लागण असली आणि मधे कुणी ना तपासणी केली ना निरोध वापरला, तर ती खाली येऊ शकते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. एचआयव्हीची लागण नवी असते, त्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू भरपूर असतो. माणूस धडधाकट असतो. फार तर चार दिवस ताप येऊन जातो. आणि नेमकं याच काळात तपासणीत रोग न सापडण्याची शक्यता असते. म्हणून एक साथीदार सुटल्यावर लगेच दुसरा, किंवा एकाच वेळी दोघांशी संबंध, यात धोका सर्वांत जास्त. दोन संबंधांच्या मधे अंतर असेल आणि त्या अंतरात तपासणी झाली, तर निम्मं काम झालं म्हणून समजा.

संबंध स्त्री-पुरुषांतले असोत की पुरुषा-पुरुषांतले, नियम तोच. रोग जात, पैसा, शिक्षण काही बघत नाही.

पुण्याचा अनुभव काय सांगतो?

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत आढळली. तेव्हा सगळ्यांचा समज असा होता, की हा रोग "तसल्या" बायकांचा आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांचा. घरातली बाई सुरक्षित. हा समज पुण्यानं खोटा ठरवला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया होत्या. त्यांतल्या १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्ही निघाला. यातल्या बहुतेक जणी लग्न झालेल्या, एका नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नसलेल्या. त्या गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या होत्या, म्हणून हा आकडा सगळ्या गावांना लागू होत नाही हे खरं. पण बाईनं स्वतः कितीही पथ्य पाळलं तरी ती सुरक्षित राहते असं नाही, हे त्यातून उघड झालं.

उलटा अनुभव सांगलीचा. जिला लोक रोगाचं मूळ म्हणत होते, त्याच बाईनं रोग अडवायचं काम केलं. १९९२ पासून सांगलीत 'संग्राम' संस्थेनं शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केलं. त्या स्त्रियांनीच आपल्या वस्तीत निरोध वाटले, एकमेकींना समजावलं, आणि १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. बोट दाखवून रोग थांबत नाही, माहिती आणि साधन हातात दिलं की थांबतो, हा त्यातला धडा.

रोग एकच नाही

गुप्तरोग म्हटलं की लोकांना फक्त एड्स आठवतो. पण रोग अनेक आहेत.

परमा: संबंधानंतर साधारण दोन ते सात दिवसांत पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू येतो. बाईला बरेचदा काहीच होत नाही. रोग मात्र आत चालू असतो. क्लॅमिडिया नावाचा याचाच भाऊबंद आहे, तो तर दोघांतही बहुधा मुकाट असतो. या दोन्हींचा उपचार झाला नाही तर बाईच्या गर्भनळ्या बंद होऊ शकतात. मग मूल होत नाही, आणि बोल लागतो बाईला. सासरी छळ होतो, सवत येते. मूळ रोग कुठून आला, हे कुणी विचारतच नाही.

गरमी, म्हणजे उपदंश: संबंधानंतर दहा ते नव्वद दिवसांत, बहुधा तीन आठवड्यांनी, एक चट्टा येतो. तो दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. लोक म्हणतात, बरं झालं, गेला. तिथंच खरी मेख आहे. रोग रक्तात उतरलेला असतो. पुढं वर्षांनी हृदय, मेंदू यांवर येतो. गरोदर बाईला असेल तर गर्भपात होतो, मूल मेलेलं जन्मतं किंवा रोग घेऊन जन्मतं. आणि उपाय किती सोपा? लवकर सापडला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन.

ब प्रकारची कावीळ: हीसुद्धा संबंधातून आणि रक्तातून पसरते, आणि पुढं यकृत निकामी करू शकते. हिला लस आहे. बाळांना ती जन्मल्यावर लगेच देतात. मोठ्या माणसालाही तीन डोस घेता येतात. नवरा-बायकोपैकी एकाला ही कावीळ निघाली, तर दुसऱ्यानं तपासून लस घेतलीच पाहिजे. तपासणी आणि उपचाराची सरकारी मोफत योजना २०१८ पासून चालू आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग: याच्यामागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो आणि तोही संबंधातूनच येतो. याबाबत आपल्या मराठवाड्यानं जगाला धडा दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. वय ३० ते ५९. आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची तपासणी झाली, तरी या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यातून दिसलं. २००९ मध्ये ते जगापुढं मांडलं गेलं. तेव्हा घरातल्या तिशी ओलांडलेल्या बायकांना आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाच्या तपासणीला पाठवा. मुलींसाठी लस आहे. ती ९ ते १४ वयात घेतलेली उत्तम.

एचआयव्ही: हा शरीरात राहतो, पण आज तो मृत्यूचा दाखला नाही. त्याचं पुढं सांगतो.

तपासणी कधी करायची?

तणनाशक मारलं आणि दुसऱ्या दिवशी रान बघायला गेलं तर तण उभंच दिसणार. परिणाम दिसायला दिवस जावे लागतात. रक्ततपासणीचंही तसंच. धोक्याचा संबंध आज आला आणि उद्या रक्त दिलं, तर कागदावर 'रोग नाही' येईल, पण तो कागद खरा नव्हे. एचआयव्ही बहुतेकांत तीन-चार आठवड्यांनंतर सापडू लागतो. पण खात्री धरायची ती तीन महिन्यांनंतरच्या तपासणीवर. गरमीचंही तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. परमा आणि क्लॅमिडिया एक-दोन आठवड्यांत कळू शकतात. ब काविळीला काही वेळा याहून जास्त दिवस लागतात.

म्हणून हिशेब असा ठेवा. नवा संबंध जुळण्याआधी दोघांनीही एकदा तपासून घ्यायचं. मागच्या तीन महिन्यांत कुणाचा धोक्याचा संबंध आला असेल, तर तीन महिने पुरे झाल्यावर पुन्हा. तोवर प्रत्येक वेळी निरोध. दोन्ही कागद स्वच्छ आले आणि दोघंही एकमेकांशीच राहणार असतील, तर मग पुढचं ठरवा.

धोका होऊन तीन दिवस झाले नसतील, तर वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या आणि २८ दिवस घेतलेल्या गोळ्यांनी एचआयव्हीची लागण टाळता येऊ शकते. जितकं लवकर तितकं चांगलं. थेट जिल्हा रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना विचारा. कुणा बाईवर अत्याचार झाला असेल तेव्हा तर ही गोष्ट घरच्यांनी पहिल्या दिवशीच ध्यानात ठेवावी.

आणखी एक. काही तरुण "रक्तदान शिबिरात रक्त देऊ, आपोआप फुकट तपासून होईल" असा हिशेब करतात. हे कृपा करून करू नका. लागण नवी असेल आणि तपासणीत सुटली, तर ते रक्त कुणा बाळंतिणीच्या अंगात जाईल. तपासणीसाठी तपासणी केंद्र आहे. रक्तदान हे निरोगी माणसाचं काम.

तपासणी कुठं होते?

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय इथं एचआयव्हीचं समुपदेशन व तपासणी केंद्र असतं. लोक त्याला आयसीटीसी म्हणतात. तपासणी फुकट होते. आधी समुपदेशक एकट्याला बसवून बोलतो, तुमची संमती घेतो आणि मग रक्त घेतलं जातं. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पहिली चाचणी होते. तिथं रोग असल्याचा संशय आला तरी लगेच घाबरायचं नाही. वेगवेगळ्या तीन चाचण्या झाल्याशिवाय 'एचआयव्ही आहे' असं सांगत नाहीत. गुप्तरोगांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' आहे. तिथं लक्षणांप्रमाणे औषधांची रंगीत पाकिटं मोफत मिळतात. विचारायचं असेल आणि तोंड दाखवायचं नसेल, तर १०९७ हा फुकटचा फोन आहे.

बाजाराच्या दिवशी तंबू ठोकणारे आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर पाटी लावणारे "गुप्तरोग तज्ज्ञ" यांच्यापासून लांब राहा. दुकानातून दोन गोळ्या घेऊन लक्षण दाबायचं, हेही तसंच. कमी मात्रेत औषध फवारून बोंडअळी कशी औषधाला दाद देईनाशी झाली, हे तुम्हाला सांगायला नको. परम्याचे जंतूही अर्धवट औषधानं तसेच निर्ढावले आहेत. औषध डॉक्टरनं सांगितलं तेवढे दिवस घ्यायचं, दोघांनी एकाच वेळी घ्यायचं आणि पुरतं बरं होईपर्यंत संबंध टाळायचा. एकट्यानंच घेतलं तर शेजारच्या न फवारलेल्या रानातून कीड परत यावी, तसा रोग परत येतो.

लग्नाच्या बोलणीत हा विषय काढायचा कसा?

गटाच्या बैठकीनंतर तरुण पोरं हा प्रश्न बाजूला घेऊन विचारतात. पोरींना तर विचारायलाही जागा नसते. पत्रिका जुळवतो, शेताचा सातबारा बघतो, नोकरीचा पगार विचारतो. मग रक्ततपासणीत संकोच कसला?

माझं सांगणं असं, की मागणी एका बाजूनं करू नका. "मुलीची तपासणी करून आणा" म्हणणं हा अपमान आहे. "दोघांचीही करू" म्हणणं ही काळजी आहे. एचआयव्ही, गरमी, ब कावीळ, आणि जोडीला सिकलसेल व थॅलेसेमिया, असं एकदमच करून घेतलं तर कुणालाच बोट दाखवल्यासारखं वाटत नाही. कागद ज्याचा त्याच्या हातात. ओसरीवर चार पाहुण्यांपुढं तो वाचायचा नाही. मुलगा आणि मुलगी यांनी समुपदेशकापुढं बसून एकमेकांना सांगावं. काही निघालंच तर लग्न करायचं की थांबायचं, हे त्या दोघांनी सगळं कळल्यावर ठरवायचं. आणि एक ध्यानात ठेवा, प्रमाणित बियाण्याच्या टॅगला जशी मुदत असते, तशी या कागदालाही आहे. तो तपासणीच्या दिवसापुरता बोलतो, पुढच्या वागण्याची हमी देत नाही.

हंगामाला बाहेर जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालन्याकडच्या टोळ्या उसाच्या पट्ट्यात उतरतात आणि उन्हाळ्यात परततात. द्राक्ष-कांद्याच्या गाड्या वाशीला जातात, चालक महिनोन् महिने रस्त्यावर असतात. मजूर म्हणजे रोग, असं समजणं चूक आणि अन्यायाचं आहे. रोग घराबाहेरच्या एकटेपणात आणि माहितीच्या अभावात पसरतो, आणि त्यात बागायतदार, मुकादम, व्यापारी कुणीच सुटत नाही. निघण्याआधी आणि परतल्यावर जोडीनं तपासणी करावी. आधीच एचआयव्हीच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी आपल्या उपचार केंद्रात सांगा. जास्त दिवसांची औषधं देण्याची किंवा जवळच्या दुसऱ्या केंद्रातून मिळण्याची सोय त्यांना विचारा. हंगामात गोळी चुकवणं म्हणजे उभ्या पिकाचं पाणी तोडणं.

निरोध आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. त्यावरची तारीख बघा. तो ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा पाकिटात महिनोन् महिने ठेवू नका, उष्णतेनं खराब होतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, फाटतो. एकदा वापरलेला पुन्हा नाही. एचआयव्ही आणि परम्यापासून तो चांगलं संरक्षण देतो, पण चट्टे आणि एचपीव्हीपासून पुरतं नाही. म्हणून निरोध वापरला तरी तपासणी लागतेच.

रोग निघाला तर?

एचआयव्ही निघाला म्हणजे सगळं संपलं, हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं चित्र. १ एप्रिल २००४ पासून सरकार औषधं मोफत देऊ लागलं, आणि २०१७ पासून धोरण असं आहे, की रोग सापडला की लगेच उपचार. रोजच्या गोळ्या न चुकवता घेणारा माणूस शेती करतो, संसार करतो, म्हातारा होतो. गोळ्यांनी रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की तपासणीत मोजता येत नाही. तो तसाच कमी राहिला तर संबंधातून साथीदाराला लागण होत नाही. आई गरोदर असेल आणि उपचार नसेल, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर उपचार असेल तर ती पाचांच्याही खाली येते. म्हणून दिवस गेल्याचं कळताच पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा आणि एचआयव्ही व गरमीची तपासणी करून घ्या. नवऱ्यानंही सोबत जावं.

हा रोग एका ताटात जेवल्यानं, हात मिळवल्यानं, डास चावल्यानं किंवा एका विहिरीचं पाणी प्याल्यानं होत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणत आलो त्या अधिकाऱ्यांनी, सरपंचांनी आणि पोलिस पाटलांनी एक कायदा माहीत करून घ्यावा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाचा रोग उघड करता येत नाही आणि रोगामुळं काम, घर, शाळा, दवाखाना नाकारता येत नाही. "गावात लग्नाआधी तपासणी सक्तीची" असा ठराव करू नका. सक्ती केली की लोक लपतात, आणि लपलेला रोग जास्त पसरतो. त्यापेक्षा गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत विषय घ्या, आशाताई आणि आरोग्यसेविकेला बोलू द्या, लग्नसराईआधी आणि ऊसतोडीआधी समुपदेशकाला गावात बोलवा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. अर्ज भरायला मदत करा, पण नाव चावडीवर जाऊ देऊ नका.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. नवा साथीदार म्हणजे दोघांचीही तपासणी, आणि ती संबंधाआधी.
२. धोक्यानंतर तीन महिन्यांनी तपासणी पक्की. तोवर निरोध.
३. ७२ तासांच्या आत असाल तर लगेच जिल्हा रुग्णालय.
४. चट्टा, पू, जळजळ, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणं: लक्षण गेलं तरी रोग गेला असं नाही. डॉक्टरला दाखवा.
५. उपचार दोघांचा, एकाच वेळी आणि पुरा.
६. काही शंका असेल तर १०९७.

माती परीक्षणाचा अहवाल वाईट आला म्हणून कुणी रान टाकून देत नाही. काय कमी आहे ते कळतं आणि त्याप्रमाणे खत घालतो. रक्ताच्या अहवालाकडंही तसंच बघा. तालुक्याला बियाणं आणायला जाणार असाल, तर ग्रामीण रुग्णालय त्याच रस्त्यावर आहे. जोडीनं जा.